सुपातला

भुसावळला, सायकल दुकानाच्या माडीवर
मी रबरी शिक्के कापायचो.
ग्रामपंचायत, दूध सोसायटी, दातांचे डॉक्टर.
अक्षर उलटं कोरायचं, म्हणजे कागदावर सुलटं येतं.
हे सुपडूला मी शिकवलं की त्यानं मला,
आता सांगता येत नाही.

सुपडू तोताराम वारके.
आधीची तीन जगली नाहीत, म्हणून आईनं याला
न्हाऊही न घालता सुपात टाकलं,
उकिरड्यापाशी नेलं, शेजारणीला देऊन टाकलं
आणि सव्वा रुपया मोजून परत घेतलं.
वरून बघणाऱ्याला वाटावं, केरच आहे, कोण उचलतो.
"माहा पहिला सौदा, भो," तो म्हणायचा,
"डोये उघडाच्या आधीचा.
अन् गिऱ्हाईक कोन, त यम."

पहिल्यांदा आला तेव्हा एकच शब्द मागितला: तपासले.
कोणी, काय, कशासाठी, काही नाही.
'त' कोरताना माझं पातं घसरलं, पाय वाकडा झाला.
तो म्हणाला, राहू दे, साहेबांचे पाय वाकडेच असतात.
त्या एका शब्दावर त्यानं दोन वर्षं खाल्ली.
हॉटेलांचे तराजू तपासले, शाळांचे हजेरीपट तपासले,
सावद्याच्या बाजारात एकदा म्हशीसुद्धा.

वाफेची इंजिनं गेली, यार्डातली पाण्याची टाकी मागे राहिली.
ती त्यानं धुळ्याच्या भंगारवाल्याला विकली.
मग मालेगावच्या.
मग पुन्हा धुळ्यालाच, पहिल्याच्या सख्ख्या मेव्हण्याला,
कारण पहिला लाजेनं घरातही बोलला नव्हता.
"लाज म्हंजे आपली बँक.
याज देते, पासबुक मांगत नाही."

मग तो कोट घालून आला.
शिकागोच्या कंपनीचा खरेदीदार, मुक्काम फैजपूर.
चांदीच्या कंपासनं केळी मोजायचा
आणि घडापुढे उभा राहून मान हलवायचा.
नको. बाक जास्त आहे. अमेरिकेत चालत नाही.
जितका नको म्हणाला, तितक्या मोटारी त्याच्या दाराशी.
खिरोद्याच्या देवचंद फेगड्यांनी तर
फळ सरळ यावं म्हणून फण्यांना दगड बांधले,
रात्री कंदील घेऊन बघायला जायचे.
शेवटी नाइलाज दाखवत त्यानं हो म्हटलं,
आणि सत्तावीस जणांनी अनामत भरली,
थंड जहाजातल्या जागेची.

पावतीवर शिक्का माझा. पंख पसरलेला गरुड.
गरुड मी कधी पाहिला नव्हता.
मटण मार्केटवर फिरणारी घार बघून कोरला.

कानबाईच्या रविवारी,
घराघरात रोट मोडले जात होते तेव्हा तो गेला.
पोलीस आले, माडीवरचा रबराचा चुरा चाळून गेले.
त्यांना मी सगळं सांगितलं, एवढं सोडून,
की ते सत्तावीस नव्हते, अठ्ठावीस होते.
अठ्ठावीसावी पावती माझ्या नावाची.
बायकोच्या पाटल्या मोडून भरलेली.
माझ्याकडे केळीचं एक खोडही नव्हतं.
पण तो गरुड ओल्या शाईत असा काही उमटला होता,
की वाटलं, एवढी मोठी कंपनी आहे
तर आपल्यालाही काहीतरी मिळेल.

जात्यातले रडतात, सुपातले हसतात, म्हणतात.
तो हसायचा नाही फारसा. समोरच्याला हसवायचा.

माडी आता मोबाइलवाल्याकडे आहे.
मी खाली, पायरीशी, टेबल टाकून बसतो.
परवा नंदुरबारहून पाकीट आलं.
आत मृत्यूचा दाखला:
सुपडू तोताराम वारके, वय एक्क्याऐंशी, कारण वार्धक्य.
मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
गोल शिक्का सरकारी होता, किंवा सरकारीसारखा.
आणि खाली, डाव्या कोपऱ्यात, फिकट जांभळ्या शाईत
तपासले.
'त'चा पाय वाकडा.

पाकीट उलटं केलं तर टेबलावर घरंगळला
एक रुपया, आणि चार आण्यांचं नाणं,
जे आता कुठेच चालत नाही.